पाण्याचा हक्क आणि जमिनीची मालकी : पुणे जिल्ह्यातील अवर्षणकालीन जलसंधारणाचा ऐतिहासिक विचार

१. प्रास्ताविक

खेड तालुक्यातील महाळुंगे हे गाव चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भामा व इंद्रायणी ह्या दोन नद्यांच्या मधल्या पठारावर वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ह्या टापूची ओळख जिराईत ज्वारी-बाजरी आणि चाकणच्या बाजारात येणारा कांदा अशी होती. आज ती मोटारींच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांची वसाहत अशी आहे. १९५४ साली स्थापन झालेला पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आणि १९६२ साली अस्तित्वात आलेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ ह्यांच्यापासून ज्या औद्योगिक विस्तारास आरंभ झाला, त्याचेच उत्तरेकडील टोक म्हणजे चाकण-महाळुंग्याचा पट्टा होय.

ह्या पट्ट्याचे जलमान समजण्यासाठी सह्याद्रीचा उतार ध्यानात घ्यावा लागतो. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस पन्नास किलोमीटरांच्या आतच तो साधारणतः सहाशे ते सातशे मिलिमीटरांवर येतो आणि आणखी पूर्वेस व आग्नेयेस पाचशेच्या घरात उतरतो. खाली काळ्या पाषाणाचा कठीण थर आहे. वाळूच्या प्रदेशाप्रमाणे येथे पाणी खोलवर साठत नाही. खडकाच्या भेगांत आणि मुरमाच्या पातळ थरांत जेवढे मुरेल तेवढेच विहिरीस लाभते. म्हणून ज्या वर्षी पावसाने दगा दिला त्या वर्षी होळीनंतर विहिरींचे तळ दिसू लागावेत, ही ह्या प्रदेशाची जुनीच स्थिती आहे.

अशा प्रदेशातील जलसंधारणाचा इतिहास बहुधा बांधकामांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बंधारा कोणी घातला, तलाव किती मोठा, त्यास खर्च किती आला, ह्यांची नोंद त्यात सापडते. परंतु साठलेले पाणी उन्हाळा संपेपर्यंत का टिकले अथवा का टिकले नाही, ह्याचे उत्तर केवळ बांधकामात मिळत नाही. साठविलेले पाणी कोणाचे, ह्या प्रश्नाचा ज्या समाजाने आधी निर्णय केला, त्याचेच पाणी टिकले, असे पुणे जिल्ह्याच्या अनुभवावरून दिसते. हा अनुभव महाळुंग्याच्या दक्षिणेस, त्याच जिल्ह्यातील व त्याच पर्जन्यछायेतील पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विशेष स्पष्ट झाला. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तोच असून, त्याची पूर्वपीठिका आणि चाकण पट्ट्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व ह्यांचाही येथे विचार केला आहे.

२. प्राचीन व मध्ययुगीन पूर्वपीठिका

पाणी अडविण्याची व वळविण्याची कला ह्या जिल्ह्यास नवी नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ ह्या काळात सांकळिया, ढवळीकर व अन्सारी ह्यांनी जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे विस्तृत अवशेष उजेडात आले. इ.स.पू. १४०० ते १००० च्या सुमाराच्या, म्हणजे पूर्व-जोर्वे काळातील, दगडमातीचा बांध आणि त्यास लागून खोदलेला पाट तेथे आढळला. पुराचे पाणी वळवून ते शेतीस द्यावे, असा त्याचा उपयोग असावा, असे उत्खननकर्त्यांनी अनुमान केले. वस्तीतील अनेक दालनांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारचे धान्याचे कोठार ह्यांवरून तेथे गावप्रमुखाचे अस्तित्व सूचित होते, असेही मत मांडले गेले. ही मीमांसा ग्राह्य धरल्यास, पाणी वळविणे आणि ते वाटणाऱ्या सत्तेचा उदय होणे ह्या दोन्ही गोष्टी एकत्रच घडल्या, असे म्हणावयास हरकत नाही. इ.स.पू. १००० नंतरच्या उत्तर-जोर्वे काळात हवामान कोरडे होत गेले, मोठ्या चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली आणि कालांतराने वस्तीच उठली, हेही त्याच उत्खननाने दाखवून दिले.

मध्ययुगीन व मराठा काळात शेतजमिनीचे पाटस्थळ, मोटस्थळ व जिराईत असे भेद केले जात आणि त्यांवरील साऱ्याचे दरही भिन्न असत. पाण्याची ओळख जमिनीच्या प्रतीवरून व्हावी, ही कल्पना महसुलाच्या व्यवस्थेत अशा रीतीने रुजलेली होती.

सामुदायिक पाणीवाटपाचा सर्वांत विकसित नमुना मात्र पुण्याच्या उत्तरेस, खानदेश व बागलाणात आढळतो. पांझरा, मोसम, गिरणा, आरम ह्या नद्यांवरील लहान बंधाऱ्यांच्या आश्रयाने तेथे फड पद्धती तीन-चार शतके चालत आली. बंधाऱ्याखालील सर्व जमिनीचे तीन किंवा चार फड पाडावयाचे, प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे आणि दरवर्षी पिकांची पाळी फिरवावयाची, असा तिचा क्रम होता. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे व पिकाची राखण जागल्याकडे असे. शेतकऱ्यांची पंचसमिती त्यांवर देखरेख करी आणि पाटातील गाळ काढण्याचे काम सर्वांनी मिळून करावयाचे असे. पाणी कमी पडेल असे दिसले की कोणत्या फडास ते द्यावयाचे नाही, हे आधीच ठरविले जाई. प्रत्येकाची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडीथोडी असल्यामुळे तुटीचा भार सर्वांवर सारखाच पडे. एका व्यक्तीने मनास येईल ते पीक घ्यावे, हे स्वातंत्र्य ह्या पद्धतीने नाकारले आणि त्याच्या मोबदल्यात सर्वांस पाण्याची शाश्वती दिली.

परंतु फड पद्धतीचीही एक मर्यादा होती. पाण्याचा हक्क बंधाऱ्याखालील जमिनीस चिकटलेला होता. ज्याची जमीन फडात नव्हती, अथवा ज्यास जमीनच नव्हती, त्याचा त्या पाण्यावर काही अधिकार नसे. शिस्त सामुदायिक, परंतु हक्क जमीनधारकाचा, अशी ही रचना होती.

३. १८७६ चा दुष्काळ आणि वसाहतकालीन व्यवस्था

१८७६ साली दख्खनेत पावसाने पाठ फिरविली आणि १८७८ पर्यंत टिकलेल्या भीषण दुष्काळास आरंभ झाला. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या शिफारशीनुसार दिवसाच्या मजुरीतील धान्याचे प्रमाण एक पौंडापर्यंत खाली आणले गेले, तेव्हा मुंबई इलाख्यातील कामांवरील हजारो मजुरांनी १८७७ च्या आरंभी काम सोडून निषेध केला. न्यायमूर्ती रानडे व सार्वजनिक काका ह्यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतील स्थितीची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. १८८० चा दुष्काळ आयोग आणि त्यानंतरची दुष्काळ संहिता ही ह्या अनुभवाची फलिते होत. संहितेची दृष्टी मात्र मनुष्यास जगविण्यापुरती होती. गावाचे पाणी गावाच्या हाती राहावे, हा तिचा विषय नव्हता.

त्याच सुमारास मोठे कालवे निघाले. खडकवासल्याच्या तलावावरील मुठा कालवा आणि १८८५ च्या सुमारास सुरू झालेला नीरा डावा कालवा ही त्यांतील प्रमुख होत. दुष्काळनिवारण हे नीरा कालव्याचे एक प्रयोजन होते. परंतु कालव्याखाली पुढे ऊस पसरला आणि पाणी ठराविक क्षेत्रातच खेळू लागले. पुरंदरच्या दक्षिण सीमेवरून नीरेचे पाणी बारामतीकडे वाहत गेले. तालुक्याचा वरचा, कऱ्हेच्या खोऱ्यातील भाग कोरडाच राहिला.

ह्याच पुरंदरशी कौटुंबिक नाते असलेल्या महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात जो विचार मांडला, तो ह्या संदर्भात अवश्य ध्यानात घेतला पाहिजे. डोंगरउतारावरून वाहून जाणारे पाणी व माती अडविण्यासाठी जागोजाग ताली व बंधारे घालावेत, त्या कामी सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील माणसे लावावीत, जुन्या तळ्यांतील गाळ काढावा आणि कालव्याचे पाणी शेतकऱ्यास त्याच्या गरजेप्रमाणे तोटीने द्यावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. पाणलोट क्षेत्राचा विचार पुढे ज्या रूपाने रूढ झाला, त्याची बीजे येथे स्पष्ट दिसतात. पाणी मोजून द्यावे ह्या सूचनेत वाटपाच्या न्यायाचाही उल्लेख आला आहे, हे विशेष.

कायद्याची दिशा मात्र निराळी होती. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. आपल्या जमिनीखाली मुरलेले व निश्चित प्रवाहाने न वाहणारे पाणी काढून घेण्याचा अधिकार त्या कायद्यान्वये जमीनमालकाचा ठरला. ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचे पाणी, ही समजूत अशा रीतीने कायद्याने दृढ केली. शेजाऱ्याने आपली विहीर अधिक खोल नेली व त्यामुळे आपली आटली, तर त्याविरुद्ध सामान्य शेतकऱ्यास दाद मागण्याचा मार्ग जवळजवळ उरला नाही.

४. १९७२ चा दुष्काळ

१९७० व १९७१ ह्या वर्षी महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात पाऊस अपुरा झाला आणि १९७२ साली तर तो जवळजवळ आलाच नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांच्या शासनाने राज्यभर दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात ह्या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत गेली होती. खडी फोडणे, रस्ते, नाला बंडिंग, समपातळी बांध, पाझर तलाव ही त्या कामांची नावे त्या पिढीच्या बोलीत कायमची शिरली. त्यांच्याच जोडीने कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारीही लोकांच्या स्मरणात राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात जी कल्पना प्रायोगिक स्वरूपात राबविली होती, ती ह्याच काळात राज्यव्यापी झाली आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात तिचे रूपांतर झाले.

ह्या कामांनी माणसे जगविली, हे निर्विवाद आहे. उपासमारीचे मृत्यू टाळण्यात १८७६ आणि १९७२ ह्यांमधील अंतर मोठे आहे. परंतु जलसंधारणाच्या दृष्टीने पाहता ह्या कामांत एक उणीव राहून गेली. पाझर तलाव सार्वजनिक पैशाने व हजारो हातांच्या श्रमाने झाला. त्यात मुरलेले पाणी मात्र खालच्या अंगास ज्याची विहीर होती त्याच्या मालकीचे झाले. ज्या मजुराने डोक्यावर माती वाहिली त्यास त्या हंगामाची मजुरी मिळाली, पाणी मिळाले नाही. पुढच्या अवर्षणात तो पुन्हा मजुरीसच उभा राहणार, हे ह्या व्यवस्थेत गृहीतच होते. पिंपरी-चिंचवडच्या वाढत्या कारखान्यांकडे दुष्काळी तालुक्यांतून जो माणसांचा ओघ लागला, त्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते.

५. नायगावचा प्रयोग

ह्या उणिवेचे नेमके आकलन पुण्यातील एका कारखानदारास व्हावे, ही इतिहासातील लक्षणीय घटना होय. व्यवसायाने अभियंता असलेले व पुण्यात अभियांत्रिकी कारखाना चालविणारे विलासराव साळुंखे दुष्काळाच्या काळात पुरंदर तालुक्यातील दुष्काळी कामांच्या निमित्ताने तेथे गेले. एवढ्या श्रमातून गावास कायमची काय प्राप्ती झाली, हा प्रश्न तेथे त्यांच्यापुढे उभा राहिला. १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठानाची स्थापना केली आणि नायगाव येथील देवस्थानाची ४० एकर माळरान जमीन ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. पत्नी कल्पनाताई ह्यांचाही ह्या कार्यात प्रारंभापासून वाटा होता.

प्रयोगाची रचना साधी होती. डोंगरउतारावर समपातळीचे बांध, ओघळींवर लहान बंधारे, पायथ्याशी पाझर तलाव, तलावाच्या खालच्या अंगास विहीर आणि त्या विहिरीतून पंपाने वर चढविलेले पाणी, असा तिचा क्रम होता. उताराचा काही भाग झाडे व गवत ह्यांसाठी ठेवला होता. पडणाऱ्या पावसाचा हिशेब हा तिचा पाया होता. वार्षिक पर्जन्य ५०० मिलिमीटर धरला, तर एका एकरावर सुमारे २० लाख लिटर आणि ४० एकरांवर सुमारे ८ कोटी लिटर पाणी पडते. ह्यातील मोठा भाग बाष्परूपाने जातो, काही मातीत राहतो. तथापि जेवढे अडविता येईल तेवढ्यानेही मर्यादित क्षेत्रास एखाद-दुसरे संरक्षक पाणी देता येते, असे ह्या हिशेबावरून दिसते. अवर्षणप्रवण प्रदेश म्हणजे पाणी नसलेला प्रदेश नव्हे, हे नायगावात प्रत्यक्ष सिद्ध झाले.

परंतु हे बांधकाम म्हणजे प्रयोगाचा अर्धाच भाग. प्रयोग माळावरून गावकऱ्यांच्या शेतात न्यावयाचा तर पाणी कोणास व किती, हे ठरविणे भाग होते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांच्या गटांच्या उपसा योजना सुरू झाल्या आणि त्यांच्यासाठी जे नियम घातले गेले, तेच पुढे 'पाणी पंचायत' ह्या नावाने प्रसिद्ध झाले. ते असे : योजना एकट्या शेतकऱ्यासाठी नव्हे तर गटासाठीच घ्यावयाची, पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, दरडोई अर्धा एकर भिजेल इतका आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपर्यंत द्यावयाचा, पाण्याचा हक्क जमिनीस जोडलेला राहणार नाही, जमीन विकली तरी पाणी गटाकडेच राहील, भूमिहीनांसही पाण्याचा हक्क राहील, ऊसासारखी अधिक पाणी पिणारी बारमाही पिके घ्यावयाची नाहीत, आणि खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा. उरलेल्या खर्चापैकी ५० टक्के शासकीय अनुदानातून व ३० टक्के प्रतिष्ठानाच्या बिनव्याजी कर्जातून यावा, अशी योजना होती. रोजचे वाटप गटाने नेमलेला पाटकरी करी.

६. नियमांचे परीक्षण

ह्या नियमांकडे सुटेसुटे पाहिल्यास ते सद्भावनेचे नियम वाटण्याचा संभव आहे. एकत्र पाहिल्यास त्यांतील तर्क निराळाच दिसतो.

दरडोई अर्ध्या एकराचे माप हे माणसाच्या अन्नाच्या गरजेचे माप आहे. ज्वारीसारख्या हंगामी पिकास ढोबळ मानाने चारशे मिलिमीटर पाणी लागते असे धरल्यास, अर्ध्या एकरास सुमारे आठ लाख लिटर पाणी पुरते. ऊसास वर्षभरात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी लागते; म्हणजे अर्धा एकर ऊस पाच माणसांच्या वाट्याचे पाणी पितो. ऊसबंदीचा नियम अशा रीतीने दरडोई वाटपाच्या नियमातूनच निष्पन्न होतो. तो वगळला तर पहिला नियम पहिल्याच उन्हाळ्यात मोडून पडेल. अडीच एकरांच्या मर्यादेमुळे मोठ्या कुटुंबास अमर्याद लाभ होण्याचा मार्गही बंद होतो.

भूमिहीनांच्या हक्काविषयी सहज एक शंका निघते. ज्यास शेत नाही त्याने पाणी घेऊन काय करावे? ह्या नियमाचे मर्म त्याच्या आर्थिक परिणामात आहे. पाण्याचा वाटा हाती असलेला भूमिहीन मनुष्य, जमीन आहे पण पुरेसे पाणी नाही अशा शेतकऱ्याशी अर्धेलीचा करार बरोबरीच्या नात्याने करू शकतो. पाण्यावाचून त्याच्यापाशी केवळ श्रम होते. पाण्यासह त्याच्यापाशी भांडवल येते. पाझर तलावावर माती वाहणाऱ्या मजुराविषयी वर जी उणीव सांगितली, तिचे हे उत्तर होय.

जमीन आणि पाणी ह्यांची फारकत करणारा नियम मात्र ह्या सर्वांचा कणा मानला पाहिजे. पाटस्थळ-मोटस्थळाच्या महसुली विभागणीने, फडाच्या रचनेने आणि सुविधाधिकार कायद्याने जी गाठ निरनिराळ्या काळी बांधली होती, ती ह्या नियमाने गटाच्या आपापसातील करारापुरती सोडविली. कायदा बदललेला नव्हता. शेतकऱ्यांनी कायद्याने दिलेला अधिकार आपण होऊन गटाच्या स्वाधीन केला. फड पद्धतीपासून शिस्त घेऊन तीत हक्काची व्याप्ती वाढविली, असे ह्या प्रयोगाचे ऐतिहासिक स्थान सांगता येईल.

ह्या दिशेने जाणारा हा एकच प्रयत्न नव्हता. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी व तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्तिसंघर्ष चळवळीच्या आधाराने १९८६ साली बळीराजा धरणाचे काम आरंभिले आणि १९९० साली ते पूर्ण झाले. नदीतील वाळूवर गावाचा अधिकार मागून, तिच्या विक्रीतून बांधकामाचा काही खर्च उभा करण्यात आला. भारत पाटणकर आणि अभियंते के. आर. दाते ह्यांचे त्यास साहाय्य होते. तेथेही भूमिहीनांसह सर्व कुटुंबांस पाण्याचा समान वाटा हे तत्त्व स्वीकारले गेले. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरेबाजार ह्या गावांनी निराळा मार्ग धरला. तेथे पिकांवर व कूपनलिकांवर बंधने घालून भूजल राखण्यात आले आणि हिवरेबाजारात दरवर्षीच्या पावसानुसार पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची प्रथा रूढ झाली. तपशील भिन्न असले तरी ह्या सर्व ठिकाणी बांधकामाच्या जोडीने, व काही बाबतींत त्याच्या आधीच, नियम आले हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

७. प्रयोगाच्या मर्यादा

पाणी पंचायतीचा प्रसार झाला. परंतु ती राज्याची सर्वसाधारण पद्धती झाली नाही. ह्याची कारणे प्रयोगाच्या रचनेत व त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत अशी दोन्हीकडे शोधावी लागतात.

योजनेचा निम्मा पैसा शासनाकडून आणि विजेची जोडणी मंडळाकडून यावयाची. त्यामुळे गटाची शिस्त कितीही पक्की असली तरी तिचा आरंभ गटाच्या हाती नव्हता. दुसरे असे की, नियम गटापुरते होते, भूजल मात्र गटाची सीमा पाळीत नाही. गटाबाहेरील शेतकऱ्याने शेजारी विहीर अथवा कूपनलिका खोदली, तर गटाने राखलेले पाणी तिकडे झिरपे आणि त्यास रोखण्याचे साधन गटापाशी नसे. १९९३ साली भूजलाविषयी जो राज्य कायदा झाला तो पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांपुरता होता. २००९ च्या कायद्याने व्याप्ती वाढविली. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांस २००५ च्या कायद्याने स्थान मिळाले, तथापि त्यांचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारणेवरच आधारलेले राहिले. दरडोई हक्काचे तत्त्व कायद्यात उतरले नाही.

तिसरे कारण अधिक खोल आहे. बाहेरून पाणी येण्याची आशा निर्माण झाली की, आपल्याच पाण्याचे रेशन करण्याची निकड ओसरते. पुढे पुण्याच्या खाली मुळा-मुठेत वाहत येणारे पाणी उचलून पुरंदरास देणारी उपसा सिंचन योजना झाली. तिने अनेक कोरड्या शेतांस पाणी दिले हे खरे. परंतु त्या पाण्याचा दर्जा शहराच्या सांडपाण्यावर आणि त्याचा पुरवठा विजेवर अवलंबून आहे. टंचाईतून जन्मलेली संस्था विपुलतेच्या केवळ अपेक्षेनेही दुर्बळ होते, हा धडा येथे मिळतो. साळुंखे २००२ साली निवर्तले. प्रयोगाचे मूल्य मात्र योजनांच्या संख्येवरून ठरवू नये. एक प्रश्न योग्य रीतीने मांडून त्याचे व्यवहार्य उत्तर देता येते, हे त्याने दाखविले.

८. चाकण पट्ट्याच्या संदर्भात

आता महाळुंग्याच्या पठाराकडे पाहावयाचे. पुरंदरात शेती राहिली आणि पाणी नव्हते. चाकण पट्ट्यात शेतीच मोठ्या प्रमाणावर गेली. जमीन कारखान्यांसाठी संपादित झाली किंवा विकली गेली, आणि प्रचलित कायद्याच्या दृष्टीने तिच्याबरोबर तिच्याखालचे पाणीही गेले. मोबदला ठरविताना जमिनीचे क्षेत्र मोजले जाते. पिढ्यान् पिढ्या त्या शिवारातील विहिरीवर ज्यांचे पाणी भरणे व गुरे पाजणे चाले, त्या भूमिहीन कुटुंबांचा हिशेब त्यात येत नाही. जमीन विकली तरी पाणी गटाकडेच राहील, हा नायगावचा नियम शेतकऱ्याशेतकऱ्यांतील विक्री डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. परंतु त्याचा सर्वांत मोठा अर्थ औद्योगिक पट्ट्यातच प्रकट होतो.

ह्या प्रश्नाची धार जिल्ह्यातील अलीकडच्या घटनांनी दाखविली आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. खेड तालुक्यातील भामा-आसखेड धरणाचे पाणी २०२१ पासून पुणे शहराच्या पूर्व भागास मिळू लागले. त्यापूर्वी धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी दीर्घ आंदोलन केले होते. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगास आणि त्यानंतर शेतीस स्थान होते. २०११ साली हा क्रम बदलून शेतीस उद्योगाच्या आधी आणले गेले. अग्रक्रम वरून ठरतो आणि वरूनच बदलतो. धरणाखालच्या वा कारखान्यालगतच्या गावास त्यात स्वतःचा असा हक्क उरत नाही, असा ह्या घटनांचा समान अर्थ आहे.

पुरंदरचे नियम चाकण पट्ट्यास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, हे उघड आहे. अर्ध्या एकराचे माप शेतकऱ्याचे आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारास ते निरर्थक आहे. तत्त्व मात्र लागू होते. पाण्याचा वाटा मालमत्तेच्या प्रमाणात न ठरविता माणसांच्या प्रमाणात ठरवावा, विक्रीने तो नष्ट होऊ नये आणि अधिक पाणी लागणाऱ्या वापरास सामुदायिक संमतीची मर्यादा असावी, ही तीन सूत्रे शेतीपुरती मर्यादित नाहीत. पठारावर पडणारा सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस आजही पडतो. फरक एवढाच की, पूर्वी तो नांगरटीत मुरे आणि आता त्याचा मोठा भाग पत्र्यांवरून व डांबरावरून वाहून ओढ्यांवाटे इंद्रायणीस मिळतो. तो अडविण्याचे स्थापत्य कारखान्यांच्या ह्या प्रदेशास अवघड नाही. अडविलेले पाणी कारखान्याच्या आवाराचे की गावाचे, हे जोवर ठरलेले नाही, तोवर १९७२ च्या पाझर तलावांची उणीव येथेही राहील. जिल्ह्यातील औद्योगिकीकरणाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकांनी भूसंपादनाच्या कागदपत्रांबरोबर गावोगावच्या विहिरींच्या व पाणीवहिवाटीच्या नोंदीही तपासल्या, तर ह्या प्रश्नाचा आजवर दुर्लक्षित राहिलेला भाग उजेडात येईल.